तिर्झाचं अस्खलित वाचन

लोरेल पेनगेलीच्या मते जगात दोन प्रकारची माणसं होती: वाया गेलेली आणि वाया जायच्या वाटेवर असलेली. स्वतःला ती यातल्या कशातच धरत नसे. सर्वांत जवळचं घर सहा किलोमीटरवर, मधे नुसता गहू आणि मेंढ्या, तरी नाक मुरडायला तिला माणसं कधी कमी पडली नाहीत. गावातल्या शाळेचे मास्तर तिला चालत नसत, कारण ते पोरांना पाढे सोडून भावना शिकवतात. पाळक चालत नसे, कारण त्याचं प्रवचन वीस मिनिटांत आटपतं. आठ मुलं असलेल्या बाया मिरवतात म्हणून चालत नसत, आणि एकुलतं मूल असलेल्या स्वार्थी म्हणून. लोरेलला दोन मुली होत्या. तेव्हा दोन हा आकडा देवाला पसंत असणार, हे उघडच होतं.

थोरली सुझॅना सोळा वर्षांची आणि धाकटी तिर्झा दहाची. दोघींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. सकाळी न्याहारीच्या ताटल्या उचलल्या की त्याच टेबलावर पवित्र शास्त्र उघडायचं. लोरेल, तिचा नवरा मरे आणि मुली पाळीपाळीने थोडं थोडं वाचायचे, मग गणित, मग इतिहास, मग कोंबड्यांचं खुराडं. वाचनात तिर्झा नेहमी शेवटची पाळी मागून घ्यायची आणि थोरलीच्या खांद्याला खांदा लावून बसायची. "मला शेवट आवडतो," असं म्हणायची. यात लोरेलला मुलीची भक्ती दिसली, आणि ही भक्ती तिने चर्चमधल्या प्रत्येक बाईच्या कानावर एकदा तरी घातली होती.

मुलींना घरी शिकवायचं तर सरकारची सूट लागते, आणि ती दरवर्षी नव्याने मिळवावी लागते. त्यासाठी खात्याचा एक माणूस घरी येई, वह्या चाळी, चहा पिई आणि सही करून जाई. गेल्या वर्षी त्याने सही केली खरी, पण खाली एक ओळ लिहिली: धाकट्या मुलीचं वाचन प्रत्यक्ष ऐकायला मिळालं नाही, पुढच्या खेपेस ऐकावं. त्या दिवशी तिर्झाचा घसा बसला होता. पण ती ओळ लोरेलला वर्षभर कुसळासारखी टोचत राहिली. तिच्या मुलीच्या वाचनाबद्दल शंका! आणि घेणारा कोण, तर पायमोज्यांवर सँडल घालणारा माणूस! तो माणूस आता येत्या मंगळवारी यायचा होता. त्याने सूट नाकारली तर दोघी मुली गावातल्या शाळेत जाणार आणि लोरेल, दहा वर्षं ज्या बायांना तिने नावं ठेवली त्यांच्याच रांगेत, डबे घेऊन उभी राहणार. हे काही ती होऊ देणार नव्हती.

म्हणून तिने शुक्रवारची सहल आखली.

सहली हा लोरेलचा खास प्रांत. त्या भागात घरी शिकवणारी पाच कुटुंबं होती, सगळी चर्चला जाणारी, आणि महिन्यातून एकदा ती कुठेतरी एकत्र जात. कुठे जायचं ते लोरेल ठरवी. काय पाहायचं तेही तीच ठरवी, आणि पाहून काय वाटलं पाहिजे ते तिने आदल्या दिवशीच कागदावर छापून आणलेलं असे. धान्याच्या कोठारांवर गेले तेव्हा पोरांना कोठारं पाहायची होती. तिने त्यांना दोन तास येणारे ट्रक मोजायला बसवलं आणि वहीत 'गणित' लिहिलं. मिठाच्या गुलाबी तळ्यावर गेले तेव्हा पोरं पाण्याकडे धावली. तिने त्यांना काठावर उभं करून शास्त्रात मीठ कुठेकुठे आलंय ते सगळं ऐकवलं. दोन पोरांच्या माना भाजून सालं निघाली, पण कागद मात्र सगळे भरून आले.

या वेळी वॉलामर्रा या गावची जुनी शाळा. एका खोलीची, दगडी, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. आता तिचं संग्रहालय झालं होतं. तिथे केर्निक नावाचे एक निवृत्त शेतकरी जुन्या मास्तरांचा पोशाख घालून पोरांना पाटीवर लिहायला लावत. त्या खोलीत, लाकडी बाकांपुढे उभी राहून तिर्झा मोठ्या जुन्या शास्त्रातून वाचतेय, असं फोनवर टिपायचं आणि मंगळवारी त्या सँडलवाल्याच्या नाकासमोर धरायचं, असा लोरेलचा बेत होता. फोन तिने रात्रीच चार्ज करून ठेवला होता.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला ती व्हॅन घेऊन तिथे पोचली. मुलींचे झगे इस्त्रीचे, टोप्या सारख्या. बाकीची तीन कुटुंबंही वेळेवर आली. पाचवं आलं पाऊण तास उशिरा. ते टेगनचं.

टेगन मज ही लोरेलच्या तोंडसुखाची कायमची सोय होती. गावाबाहेर कॅरव्हॅनमध्ये राहणारी, नवरा सोडून गेलेली, दंडावर गोंदलेली बाई. तीन वर्षांपूर्वी तिला देव सापडला होता, आणि लोरेलच्या मते तो तिच्या हातून पुन्हा हरवायला वेळ लागणार नव्हता. तिच्या पोरांची नावं इंडी आणि ब्रॅक्स्टन. दोन्ही शास्त्रात शोधून सापडली नसती. घरी पुस्तकं नाहीत, वेळापत्रक नाही. पोरं कोंबड्या पाळतात, सायकली खोलतात, आणि त्यालाच ही शिक्षण म्हणते. फोनवरच्या गटात साधे दोन शब्द लिहायचाही तिला कंटाळा. सगळे निरोप आवाजात, मागे पोरं किंचाळताहेत, कुत्रं भुंकतंय.

"अगं बाई, रस्त्यात टायर गेला!" टेगन धापा टाकत आली. कडेवर दोन वर्षांचा ब्रॅक्स्टन, एका हातात तेलकट कागदात तळलेल्या बटाट्यांचा पुडा. "घे लोरेल, गरम आहेत."

"आम्ही अकराच्या आत काही खात नाही," लोरेल म्हणाली. "आणि टायर आदल्या दिवशी तपासायचे असतात."

"तपासला होता. तपासल्यावरच गेला." टेगन हसली आणि पुडा तिर्झापुढे धरला. तिर्झाने आईकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"हिला शिस्त आहे हो," टेगन म्हणाली. "माझी तर तुझा हात खाऊन टाकतील."

"दिसतंच आहे," लोरेल म्हणाली.

घंटा झाली. केर्निक दारात उभे होते: पांढऱ्या मिशा, पट्ट्यांची पँट, हातात छडी. पोरांनी रांग लावली, नखं दाखवली, बाकांवर बसली. केर्निकनी पाटीवर बेरजा घातल्या, एकाला कोपऱ्यात उभं केलं, पोरं खिदळली. सगळं छान चाललं होतं आणि म्हणूनच लोरेलला ते सहन होईना. शेवटी ती पुढे झाली.

"मिस्टर केर्निक, जुन्या काळी दिवसाची सुरुवात शास्त्रवाचनाने व्हायची ना? माझी धाकटी वाचेल. तिला सवय आहे."

"वा, वा! ये पोरी." केर्निकनी मास्तरांच्या टेबलावरचं कातडी बांधणीचं जाडजूड शास्त्र तिच्याकडे सरकवलं. "सांभाळून हं. माझ्या पणजोबांचं आहे. उघड कुठेही आणि वाच."

तिर्झा उभी राहिली. लोरेलने फोन उभा धरला. तिर्झाने एकदा सुझॅनाकडे पाहिलं. सुझॅना पहिल्या बाकावर बसली होती. तिने मान खाली घालून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटलं, प्रार्थना म्हणत असावी तसं. तिर्झाने पुस्तक उघडलं, ते मधोमध उघडलं. तिने पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

आणि काय वाचली! एक अख्खं स्तोत्र, कुठे अडखळणं नाही, कुठे धाप नाही, जिथे थांबायचं तिथे थांबून, जिथे आवाज चढवायचा तिथे चढवून. बोट ओळीओळीने खाली सरकत होतं. केर्निकनी छडी काखेत धरून डोळे मिटले. लोरेलने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाकीच्या आयांचे चेहरे मोजून घेतले. तेवढ्यात ब्रॅक्स्टन टेबलाखाली रांगत गेला आणि टेगन त्याला ओढायला तिर्झाच्या मागे गेली. फोनच्या चौकटीत तिचा गोंदलेला दंड आला. लोरेलने दात आवळले.

वाचन संपलं. टाळ्या झाल्या. "पोरीने अगदी आमच्या आजीची आठवण करून दिली," केर्निक म्हणाले. टेगनने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पोराला कडेवर घेऊन तशीच तिर्झाच्या मागे उभी होती आणि त्या पानाकडे बघत होती. अशिक्षित बाईला शास्त्राचं काय कौतुक, असं लोरेलला वाटलं.

दुपारी सगळे मिऱ्याच्या मोठ्या झाडाच्या सावलीत जेवायला बसले. लोरेलने मटण-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या आणल्या होत्या, घरच्या, कडा सारख्या दुमडलेल्या. ती फोनवरचं चित्रीकरण एकेका बाईला दाखवत फिरत होती. तिसऱ्यांदा दाखवून झाल्यावर टेगन तिच्याजवळ आली.

"लोरेल, जरा इकडे येतेस? पाण्याच्या टाकीमागे."

"इथेच बोल की."

"इथे नको."

टाकीमागे माश्या घोंगावत होत्या. टेगनने आधी मागे-पुढे पाहिलं, मग म्हणाली, "रागावू नकोस. तिर्झाला वाचता येत नाही."

लोरेल हसलीच. "तू टेबलाखाली होतीस तेव्हा, टेगन. बाकीच्या सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकलं. मी पाहिलं. तिने जे पान उघडलं होतं त्यावर स्तोत्र नव्हतं. हाताने लिहिलेली नावं होती, जन्ममृत्यूची. पूर्वी घरच्या शास्त्रात मधे कोरी पानं असायची ना, तसली. ती पोरगी मेलेल्या माणसांच्या नावांवर बोट फिरवून स्तोत्र म्हणत होती."

"तिला पाठ असेल. घाबरली असेल म्हणून पाठच म्हटलं."

"बोट फिरत होतं तिचं, डोळे फिरत नव्हते." टेगनचा आवाज खाली आला. "मला कळतं गं ते. मी सव्विसाव्या वर्षापर्यंत हेच केलंय. हॉटेलात गेलं की 'तू घेशील तेच मला'. फॉर्म भरायचा तर हात दुखतोय. कुणी विचारलंच तर घसा बसलाय. चर्चमधल्या एका म्हातारीने शिकवलं मला, अजून लिहायला जड जातं. तिर्झाला आत्ता शिकवलं तर सहा महिन्यांत येईल. हवं तर मी..."

'घसा बसलाय' या दोन शब्दांसरशी लोरेलला गेल्या वर्षीची ती ओळ आठवली. पण तोंड तिचं सवयीने चालू झालं होतं, आणि ते आठवणींची वाट बघत नसे.

"तू शिकवणार? माझ्या मुलीला?" ती म्हणाली. "टेगन, तुझ्या पोरांना नाक पुसायला शिकव आधी. स्वतःला येत नव्हतं म्हणून जगाला येत नाही असं वाटतं माणसाला. आणि तुला वाचता येत नाही हे माहीत असतं तर मी तुला गटात घेतलंच नसतं."

टेगनचा चेहरा लाल झाला. पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन ती झाडाकडे निघून गेली.

लोरेल टोपी विसरल्याचं निमित्त काढून शाळेच्या खोलीत परत गेली. टोपी तिच्या डोक्यावरच होती. केर्निक बाहेर पेस्टी खात होते. पुस्तक तसंच उघडं होतं. पानावर फिकट झालेल्या शाईत नावं होती: ऑगस्ट, वय तीन वर्षं. एर्ना, वय अकरा दिवस. योहान, विहिरीत. एकाखाली एक चौदा नावं. त्या पानावर स्तोत्राचं एक अक्षरही नव्हतं. घाबरली असेल, ती स्वतःला म्हणाली. घाबरलं की माणूस पाठ असलेलंच म्हणतं. तिने पुस्तक मिटलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना कागद भरायला लावले.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कनोलाची, तेलबियांची, पिवळी धमक शेतं फुलली होती. वीस किलोमीटर गेल्यावर रस्त्याकडेला एक मोठी पिवळी पाटी आली: फळमाशीच्या बंदोबस्ताची, पुढे फळं नेऊ नका म्हणून. लोरेलने अचानक ब्रेक दाबला आणि व्हॅन खडीवर उतरवली.

"तिर्झा. त्या पाटीवर काय लिहिलंय?"

मागच्या सीटवर तिर्झाने पाटीकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या सुझॅनाच्या मानेकडे पाहिलं. सुझॅना ताठ बसून काचेतून बघत राहिली.

"ऊन डोळ्यांवर येतंय," तिर्झा म्हणाली.

"ऊन मागून आहे. वाच."

"तू सुरुवात करून दे ना," तिर्झा अगदी सहज म्हणाली, मीठ मागावं तसं. "पहिले दोन शब्द सांग. मग मी म्हणते."

लोरेलचे हात स्टिअरिंगवर होते ते तिथेच राहिले. एक धान्याचा ट्रक बाजूने गेला आणि व्हॅन हलली.

"कधीपासून?" तिने विचारलं. तिर्झाला नाही, सुझॅनाला.

"चार वर्षं झाली," सुझॅना म्हणाली. "मी सकाळी तिला सुरुवात सांगते, हळूच. पुढचं तिला येतं. वहीत लिहायचं ते मी लिहून देते, ती चित्रासारखं उतरवते. बाबांच्या पिकअपमध्ये दिवसभर शास्त्र वाचून दाखवणारी ती ध्वनिफीत चालू असते ना. ती त्यांच्याबरोबर मेंढ्यांना चारा टाकायला जाते आणि ऐकून ऐकून सगळं डोक्यात भरून घेते. तिला अख्खी पुस्तकं पाठ आहेत, आई. फक्त अक्षरं येत नाहीत. ती म्हणते, अक्षरं जागेवर बसत नाहीत."

"हलतात ती," मागून तिर्झा म्हणाली.

"आणि तुला मला सांगावंसं वाटलं नाही?"

सुझॅनाने पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. "तुला? तू टेगनबद्दल काय बोलतेस ते आम्ही रोज ऐकतो. पाळकांबद्दल, शाळेतल्या पोरांबद्दल, सगळ्यांबद्दल. ज्याला काही येत नाही त्याला तू कुत्र्यासारखं हाकलतेस. तिने तुला सांगावं? का सांगेल ती?"

लोरेलला वाईट वाटलं. खरंच वाटलं, अगदी छातीत दुखावं इतकं. आणि त्याच श्वासात दुसरी गोष्ट डोक्यात आली: शुक्रवार. मंगळवार. चार दिवस. तिने व्हॅन सुरू केली.

त्या चार दिवसांत तिने तिर्झाला शिकवण्याचा सपाटा लावला. लाकडी ठोकळे काढले, फळ्यावर अक्षरं काढली, सकाळी सहाला उठवलं. मरेला सांगितलं तेव्हा तो बूट काढता काढता थांबला. "अगं पण गाडीत तर सगळं म्हणते ती," तो म्हणाला, आणि मग खालमानेने बूट परत घालून मेंढ्यांकडे निघून गेला. त्याच्याकडून लोरेलची तशीही काही अपेक्षा नव्हती.

शनिवारी तिर्झाने निमूटपणे शिकायचा प्रयत्न केला. रविवारी चर्चहून आल्यावर पुन्हा बसवलं तेव्हा तिने एकच अक्षर तीनदा तीन तऱ्हेने वाचलं, आणि लोरेल ओरडली, "एवढंही डोक्यात शिरत नाही तुझ्या?" तिर्झाने खडू खाली ठेवला आणि मुकाट्याने रडायला लागली. लोरेलने माफी मागितली नाही. तिला मागायची होती, पण ती कशी मागतात हे तिला नीट माहीत नव्हतं. चर्चमध्ये टेगन तीन बाकं मागे बसली होती. एकदा लोरेलच्या मनात आलं की उठून तिच्याकडे जावं, म्हणावं, ये उद्या घरी, शिकव हिला. मग तिला ती कॅरव्हॅन आठवली, तो तेलकट पुडा, आणि गटातल्या बाकीच्या बाया काय म्हणतील ते. टेगनला तिने चुकूनही हात हलवला नाही.

मंगळवारी दहा वाजता खात्याचे हॅलोरन आले, सँडल-मोज्यांसकट. लोरेलने चांगले कप काढले होते. टेबलावर वह्यांच्या चळती, सहलींचे कागद तारखेप्रमाणे, ट्रकांची मोजणी, मिठाचे तक्ते. हॅलोरन सावकाश पानं उलटत होते आणि मधेमधे "छान, छान" म्हणत होते. लोरेलला ते 'छान' ऐकून नेहमी वाटे की हा माणूस उंबऱ्यावरच्या मांजरालाही असंच म्हणत असेल.

"आणि धाकटीचं वाचन," त्यांनी चष्मा सरळ केला. "गेल्या वेळी राहिलं होतं."

"त्याचीच सोय केलीय." लोरेलने फोन पुढे केला. "वॉलामर्राच्या जुन्या शाळेतलं आहे. बघा."

"बघतो ना, नक्की बघतो. पण ती समोरच बसलीय तर फोनवर कशाला?" ते तिर्झाकडे बघून हसले. "काय गं, घसा बरा आहे ना या वर्षी? थोडंसं वाच मला. तुला आवडेल ते."

पवित्र शास्त्र टेबलावरच होतं. तिर्झाने ते ओढून घेतलं, उघडलं, बोट ठेवलं. मग तिने सुझॅनाकडे पाहिलं.

सुझॅना खिडकीशी उभी होती. तिने तोंड उघडलं नाही. ती तिर्झाकडे बघतच नव्हती. सरळ आईकडे बघत होती, हाताची घडी घालून. यात सुझॅनाने काहीतरी ठरवलंय हे लोरेलला कळलं, आणि काय ठरवलंय तेही कळलं. आता बोलायची पाळी लोरेलची होती. हॅलोरनना एवढंच सांगायचं होतं: हिला येत नाही, माझी चूक झाली, मदत हवी. तो काही राक्षस नव्हता. कदाचित त्याने कुणाला तरी पाठवलं असतं, कदाचित सूटही दिली असती. कदाचित दिली नसती.

तिर्झाचं बोट पहिल्या ओळीवरच होतं. हॅलोरननी मान किंचित तिरकी केली.

लोरेल चहाचा कप ठेवायला वाकली, मुलीच्या कानाजवळ गेली आणि ओठ जेमतेम हलवत स्तोत्राचे पहिले दोन शब्द म्हणाली.

तिर्झाचा चेहरा उजळला. ती वाचायला लागली, खणखणीत, एकही चूक नाही. हॅलोरननी पेन उचललं. त्यांनी पान पाहिलं नाही, पाहिलं असेल तर दाखवलं नाही. सही करताना ते म्हणाले, "असं वाचन आजकाल शाळेतही ऐकायला मिळत नाही, मिसेस पेनगेली." एरवी हे वाक्य लोरेलने महिनाभर गावभर फिरवलं असतं. आता तिने फक्त मान हलवली आणि त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. धूळ खाली बसेपर्यंत ती फाटकाशीच उभी राहिली, कारण घरात जायची तिला लाज वाटत होती.

ती आत आली तेव्हा सुझॅना तिच्या खोलीत गेलेली होती आणि दार बंद होतं. तिर्झा टेबलाशी बसून हॅलोरननी उरवलेलं बिस्किट खात होती. चार दिवसांत पहिल्यांदा ती खुशीत दिसत होती. तिने आईच्या कमरेला मिठी मारली, तोंड झग्यात खुपसलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "पुढच्या वेळी जरा लवकर सांग हं, आई. मला वाटलं, तुलाही येत नाही."